बाटलीचं वय काढा : नवशिक्यांसाठी सात सोपे धडे

ज्यांच्या हाती अचानक एक जुनी व्हिस्कीची बाटली आली आहे, त्यांच्यासाठी हे गाईड आहे. बाटली कशी आली, हे आम्ही विचारणार नाही. बोटीवर नोकरी केलेल्या काकांच्या कपाटात स्वेटरांच्या मागे सापडली असेल. न्यू जर्सीत शेजारच्या म्हाताऱ्याचं घर विकायला निघालं, तेव्हा तळघरातल्या खोक्यात मिळाली असेल. सासऱ्यांनी 'तुम्हाला यातलं कळतं' म्हणून हातात ठेवली असेल. या शेवटच्या प्रकारात तर गाईड पाठच करावं लागेल.

जुनी बाटली हातात आली की माणसाच्या तोंडून आपोआप एक वाक्य बाहेर पडतं : 'शंभर वर्षांची तरी असेल!' हा या विद्येचा शून्यावा धडा. तो कोणालाही येतो. पुढचे सात मात्र शिकावे लागतात.

पूर्वतयारी

साहित्य : एक भिंग, मोबाइलचा टॉर्च, दुकानदार नोटा तपासायला वापरतात तो जांभळा दिवा, कागद-पेन्सिल आणि कोरडं मऊ फडकं. ओलं फडकं अजिबात नको. घरात कामसू माणूस असेल तर बाटली त्याच्यापासून लांब ठेवा. दिवाळीच्या साफसफाईत भांड्यांच्या साबणाने लख्ख धुतलेली बाटली दिसते छान, पण लेबल निघून गेल्यावर तिचं वय काढणं म्हणजे जन्मदाखला जाळून मग शाळेत नाव घालायला जाणं.

बाटली उभी ठेवा. वाइनची बाटली आडवी ठेवतात हे ऐकून काहीजण व्हिस्कीही आडवी निजवतात. व्हिस्कीतलं कडक अल्कोहोल बूच खाऊन टाकतं. काही वर्षांत बूच भुसभुशीत होतं आणि माल गळून जातो.

महाराष्ट्रात राहत असाल तर आणखी एक तयारी. मुंबई दारूबंदी कायदा १९४९चा. नाव पुढे बदललं, कायदा अजून आहे. त्यानुसार पिण्यालाच नव्हे, बाटली जवळ बाळगण्यालाही परवाना लागतो. तेव्हा अभ्यासाला बसण्यापूर्वी विद्यार्थ्याने आपलं ओळखपत्र तपासावं.

धडा पहिला : मोठी अक्षरं वाचू नका

नवशिका लेबल वरून खाली वाचतो. जाणता खालून वर वाचतो.

वरच्या मोठ्या सोनेरी अक्षरांत काय असतं बघा. ओल्ड क्रो, ओल्ड टेलर, ओल्ड फॉरेस्टर, ओल्ड ग्रँड-डॅड. एक तर 'एन्शंट एज', म्हणजे थेट प्राचीन काळच. ही नावं आहेत, वयं नाहीत. कालच बाटलीत भरलेली व्हिस्कीही जन्मतःच 'ओल्ड' असू शकते. आपल्याकडे नाही का पाळण्यातल्या बाळाला आबा म्हणत.

नावाखाली साल असतं. जॉनी वॉकरच्या बाटलीवर १८२० दिसेल. त्या साली जॉन वॉकर नावाच्या तरुणाने स्कॉटलंडमधल्या किलमार्नकला किराणा दुकान काढलं. दुकानाचं वय आणि बाटलीचं वय यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मग पदकं. जॅक डॅनियल्सला १९०४च्या सेंट लुइस प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं हे खरं. पण एकदा मिळालेलं पदक कोणी लेबलवरून काढून ठेवत नाही. त्यामुळे पदकावरून एवढंच कळतं, की बाटली १९०४च्या आधीची नाही. नंतरची किती, याबद्दल पदक तोंड उघडत नाही.

यावरून दोन सूत्रं निघतात. वहीत चौकट करून लिहून घ्या.

सूत्र १ : मोठी अक्षरं कंपनीने हौसेने छापलेली असतात, बारीक अक्षरं सरकारने छापायला लावलेली असतात. विश्वास बारीक अक्षरांवर ठेवा. व्हिस्कीच्या इतिहासातला सर्वांत प्रामाणिक बखरकार म्हणजे कर गोळा करणारा कारकून. त्याला चवीशी देणंघेणं नव्हतं, आपले पैसे बुडू नयेत एवढीच चिंता होती. म्हणून त्याने तारखा चोख ठेवल्या.

सूत्र २ : बाटली तिच्या अंगावरच्या सर्वांत धाकट्या खुणेपेक्षा मोठी असू शकत नाही. नऊ खुणा १९१० सांगत असतील आणि दहावी १९७५ सांगत असेल, तर दहावी खरी.

धडा दुसरा : एका बाटलीची दोन वयं

व्हिस्की लाकडी पिंपात असते तोवर वाढते. लाकूड तिला रंग देतं, चव देतं. बाटलीत गेली की तिची वाढ थांबते. म्हणून 'बाटली किती जुनी' आणि 'व्हिस्की किती वर्षांची' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि नवशिके त्यांची नेहमी बेरीज करतात.

बारा वर्षांची व्हिस्की कपाटात वीस वर्षं ठेवली तर ती बत्तीस वर्षांची होत नाही. ती बाराचीच राहते, फक्त काका वीस वर्षांनी मोठे होतात.

सगळ्यांत महागडं उदाहरण घ्या. मॅकॅलन डिस्टिलरीने १९२६ साली गाळलेली एक व्हिस्की साठ वर्षं पिंपात ठेवून १९८६ साली बाटलीत भरली. एका पिंपातून अवघ्या ४० बाटल्या निघाल्या. त्यातली एक नोव्हेंबर २०२३मध्ये लंडनच्या लिलावात एकवीस लाख पौंडांच्या वर गेली. बाटलीवर १९२६ वाचून तुम्ही '९७ वर्षांची व्हिस्की' म्हणालात, तर लिलावातला माणूस नम्रपणे खाली बघेल. व्हिस्की ६० वर्षांची, बाटली ३७ वर्षांची.

लेबलवर लिहिलेलं वय हे मिश्रणातल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचं असतं, हेही लक्षात ठेवा. आणि वय लिहिलेलंच नसेल तर कायद्याची किमान मुदत धरा : स्कॉटलंडमध्ये तीन वर्षं. अमेरिकेत 'स्ट्रेट' म्हणवणारी व्हिस्की किमान दोन वर्षं पिंपात राहिलेली हवी आणि चारपेक्षा कमी असेल तर तसं लेबलवर कबूल करावं लागतं. ही कबुली अर्थातच बारीक अक्षरांत असते.

धडा तिसरा : गळ्यावरची पट्टी

हा गाईडमधला सर्वांत महत्त्वाचा धडा. परीक्षेत यावर हमखास प्रश्न येतो.

अमेरिकन व्हिस्कीच्या जुन्या बाटलीवर बुचावरून एक कागदी पट्टी आडवी टाकलेली दिसेल. तिची दोन्ही टोकं गळ्याच्या दोन बाजूंना चिकटवलेली. बाटली उघडायची तर पट्टी फाडावीच लागते. ही कराची पट्टी. ती हिरवी असेल तर आनंदाने खुर्चीत सावरून बसा, कारण आता बाटली स्वतःच आपली जन्मतारीख सांगणार आहे.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतली बरीचशी व्हिस्की पिंपांतून सुटी विकली जायची आणि मधले व्यापारी तिच्यात हवं ते घालायचे. साध्या अल्कोहोलला रंग यावा म्हणून तंबाखू, आयोडीन, सुक्या फळांचा रस, काहीही. केंटकीचे कर्नल ई. एच. टेलर यांच्यासारखे खरे व्हिस्कीवाले वैतागले, अर्थमंत्री जॉन कार्लाइल त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि १८९७ साली 'बॉटल्ड इन बाँड' कायदा आला. अट अशी : व्हिस्की एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी कुलपातल्या गोदामात किमान चार वर्षं ठेवलेली आणि बरोबर ५० टक्के अल्कोहोलची हवी. या सगळ्याची पावती म्हणजे ती हिरवी पट्टी. जुन्या पट्ट्यांवर कार्लाइल यांचं चित्रही आहे.

आता भिंग घ्या. पट्टीवर दोन ओळी शोधा : कधी बनवली, कधी भरली. महिना नसतो, हंगाम असतो. 'स्प्रिंग' म्हणजे जानेवारी ते जून, 'फॉल' म्हणजे जुलै ते डिसेंबर. सरकारी वर्षात दोनच ऋतू, पावसाळा नाही. समजा पट्टी म्हणते : बनवली फॉल १९१६, भरली स्प्रिंग १९२७. म्हणजे व्हिस्की दहा-साडेदहा वर्षांची आणि बाटली १९२७ची. एवढी सोपी वजाबाकी या विषयात पुन्हा भेटणार नाही, तेव्हा मजा घ्या.

पण थांबा. १९२७? अमेरिकेत १७ जानेवारी १९२० ते ५ डिसेंबर १९३३ दारूबंदी होती. मग १९२७ साली सरकारी देखरेखीखाली व्हिस्की भरली कोणी? उत्तर लेबलवरच असतं : 'फक्त औषधी उपयोगासाठी'. दारूबंदीच्या काळात डॉक्टरच्या चिठ्ठीवर दहा दिवसांना एक पाइंट, म्हणजे अर्ध्या लिटरला जरा कमी, व्हिस्की औषधाच्या दुकानात मिळत असे. म्हणून या काळातल्या बाटल्या बहुतेक पाइंटच्या आणि आतली व्हिस्की बंदीपूर्वीची, गोदामात पडून पडून मुरलेली. न्यूयॉर्कमध्ये मोटारीची धडक बसलेल्या विन्स्टन चर्चिल यांना जानेवारी १९३२मध्ये डॉक्टरांनी अशीच चिठ्ठी दिली होती : बरं होण्यासाठी मद्य आवश्यक, विशेषतः जेवणाच्या वेळी, प्रमाण सांगता येत नाही, पण किमान २५० घन सेंटिमीटर. कमाल मर्यादा लिहायला डॉक्टर विसरले, किंवा विसरले नाहीत.

मराठी विद्यार्थ्याला हा भाग समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडचा परवानाही प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठीच दिला जातो. महाराष्ट्रात इतके लोक इतक्या काटेकोरपणे तब्येतीला जपतात, हे परवाना काढेपर्यंत लक्षात येत नाही.

पट्टी लाल असेल तर निराश होऊ नका. दारूबंदी उठल्यानंतर 'बाँड'ची नसलेली बाकी सगळी दारू लाल पट्टीखाली आली. लाल पट्टीवर गाळल्याची तारीख नसते. तिच्यावरून कालखंड तेवढा ठरतो : १९३३ नंतर आणि १९८५ आधी. १९८५ साली सरकारने पट्टीची सक्तीच काढून टाकली. काही कंपन्यांना मात्र पट्टीचा लळा लागला होता. त्यांनी पुढे काही काळ स्वतःची पट्टी छापून लावली. पट्टीवर सरकारच्या नावाऐवजी कंपनीचीच जाहिरात दिसली, तर ती पट्टी नव्हे, दागिना.

धडा चौथा : काच बोलते

लेबल फाटलं, पट्टी उडाली, तरी काच उरते. बाटली उजेडासमोर धरा आणि कडेची शिवण बघा. शिवण ओठापर्यंत, अगदी टोकापर्यंत जात असेल तर बाटली यंत्रावर बनली आहे. मायकेल ओवेन्स यांचं आपोआप बाटल्या बनवणारं यंत्र १९०३च्या सुमाराचं. म्हणजे यंत्राची शिवण असलेली बाटली अमेरिकन यादवी युद्धातल्या सेनापतीने प्यायलेली असू शकत नाही, विकणारा कितीही शपथ घेवो.

आता बाटलीच्या खांद्यावरून बोट फिरवा. उठावाची अक्षरं लागतात का? इंग्रजीत लिहिलेलं असेल की ही बाटली विकायला किंवा पुन्हा वापरायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. हे वाक्य १९३५पासून १९६४पर्यंत अमेरिकन दारूच्या बाटल्यांच्या काचेतच ओतलेलं असे. काही जुने साचे त्यानंतरही थोडा काळ चालले, तेव्हा १९६४ ही रेघ पेन्सिलने मारा, पेनाने नको.

कायदा कशासाठी? दारूबंदीच्या काळात चोरटी दारू चांगल्या कंपनीच्या रिकाम्या बाटलीत भरून विकायचा धंदा तेजीत होता. ही कला अमेरिकेतच संपली असं समजू नका. उंची स्कॉचची रिकामी बाटली आपल्या भंगारवाल्याकडे बिअरच्या बाटलीपेक्षा कितीतरी जास्त भाव का खाते, याचा विचार करा. आणि तिच्यात स्वस्त माल भरून झाकण बसवणारे पकडले गेल्याच्या बातम्या आपल्याकडे अधूनमधून येतच असतात.

शेवटी बाटली सावकाश तिरकी करून तळ बघा. तळ म्हणजे बाटलीचा आधार क्रमांक. अमेरिकन बाटलीच्या तळाशी काही आकडे असतात. कारखान्याचा, भट्टीचा आणि बरेचदा वर्षाचे शेवटचे दोन अंक. ओवेन्स-इलिनॉय या मोठ्या काच कंपनीची खूण म्हणजे चौकट आणि लंबगोल एकमेकांवर, मध्ये एक 'आय'. डावीकडे कारखान्याचा आकडा, उजवीकडे वर्षाचा. गंमत अशी की सुरुवातीला वर्षासाठी त्यांनी एकच अंक ठेवला. उजवीकडे ६ असेल तर तो १९३६चाही असेल आणि १९४६चाही. अशा वेळी वर दिलेली बाकीची लक्षणं मदतीला घ्या. तीही हरवली असतील तर दोन्ही सालं लिहा आणि ज्याला बाटली विकायची आहे त्याने आधी कोणतं उच्चारलं ते बघा.

धडा पाचवा : पोस्टमन, मापाडी आणि आरोग्य खातं

पत्ता : लेबलवर कंपनीचा पत्ता असतो. गावाच्या नावापुढे पाच आकडी पोस्टाचा नंबर असेल तर बाटली १ जुलै १९६३ नंतरची. त्या दिवशी अमेरिकेने झिप कोड सुरू केला. दारूबंदीपूर्वीची म्हणून विकली जाणारी बाटली स्वतःच्या पत्त्यात पाच आकडे मिरवत असेल, तर तिने पोस्टखात्याच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षं पुढचं पाहिलं होतं असं धरावं लागेल.

माप : 'फोर-फिफ्थ क्वार्ट', 'पाइंट', 'क्वार्ट' असं लिहिलं असेल तर बाटली जुन्या मापाची. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकन दारू लिटर-मिलिलिटरवर सरकू लागली आणि १ जानेवारी १९८०पासून ते सक्तीचं झालं. जुनी 'फोर-फिफ्थ क्वार्ट' म्हणजे ७५७ मिलिलिटर, नवी ७५०. सात मिलिलिटर कुठे गेले, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

काळ्या रेघा : दुकानात बारकोड पहिल्यांदा वाचला गेला जून १९७४मध्ये, ओहायो राज्यात, च्युइंगमच्या पाकिटावर. व्हिस्कीवर तो त्यानंतर आला. बारकोड दिसला की 'आजोबांच्या लग्नातली बाटली' ही कहाणी थांबवा. आजोबांचं दुसरं लग्न असेल तर तसं सांगा.

इशारा : गरोदर स्त्रियांनी पिऊ नये, पिऊन गाडी चालवू नये, हा सरकारी इशारा अमेरिकन बाटल्यांवर १८ नोव्हेंबर १९८९पासून सक्तीचा आहे. इशारा नसेल तर बाटली बहुधा त्याआधीची. असेल तर नक्की नंतरची. या एका ओळीने अनेकांच्या पुरातन ठेव्यांची रवानगी नव्वदच्या दशकात केली आहे.

धडा सहावा : स्कॉटलंडचा पेपर

इंग्रजांचं गणित वेगळं. अमेरिकेत ८० प्रूफ म्हणजे ४० टक्के अल्कोहोल. जुन्या ब्रिटिश मापात ७० प्रूफ म्हणजे ४० टक्के. ७० बघून 'पाणी घातलंय' म्हणणाऱ्याचा एक गुण कापला जाईल. लेबलवर '७०° प्रूफ' आणि '२६⅔ फ्लुइड औंस' असेल तर बाटली १९८० आधीची. '७५ सीएल' (सेंटिलिटर) आणि '४० टक्के' असेल तर ऐंशीच्या दशकातली. '७० सीएल' असेल तर साधारण नव्वदच्या दशकात किंवा नंतर आलेली. बाटली कुठे विकायला गेली हेही महत्त्वाचं. अमेरिकेला गेलेल्या स्कॉचवर अमेरिकेच्याच खुणा असतील.

राजाकडे बघा. ज्या कंपनीला राजवाड्याला माल पुरवायचा मान असतो, तिच्या लेबलवर राजचिन्ह आणि राजाचं नाव असतं. काही लेबलांवर 'कैलासवासी राजे सहावे जॉर्ज' यांच्या नेमणुकीचा उल्लेख सापडतो. राजे वारले ६ फेब्रुवारी १९५२ला, म्हणजे लेबल त्यानंतरचं. जिवंत ग्राहकापेक्षा स्वर्गवासी ग्राहकामुळे तारीख नेमकी कळते, असा हा एकमेव व्यवसाय असावा.

मग झाकण. आधी साधं बूच होतं, काढायला पेचकस लागायचा. १९१३ साली टीचर्सने हाताने ओढून पुन्हा लावता येणारं बूच आणलं आणि 'पेचकस पुरून टाका' अशी जाहिरात केली. १९२६ साली व्हाइट हॉर्सने पेचाचं धातूचं झाकण आणलं. पुढे साठच्या दशकापर्यंतच्या अनेक स्कॉचवर आतून स्प्रिंग असलेलं धातूचं झाकण दिसतं, चटकन दाबून बसवायचं. बुचाच्या बाटलीत पातळी थोडी खाली गेलेली असते; वर्षानुवर्षं बुचातून वाफ हळूहळू निसटते. १९२०ची म्हणून दाखवलेली बाटली गळ्याच्या टोकापर्यंत काठोकाठ भरलेली असेल, तर विचारा : कधी भरली म्हणालात?

धडा सातवा : खोटं ओळखा

आता जांभळा दिवा लावा. साधारण दुसऱ्या महायुद्धानंतर कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात रासायनिक द्रव्यं घालू लागले. अशा कागदावर जांभळा प्रकाश पडला की तो निळसर चमकतो. १८९०चं म्हणवणारं लेबल अंधारात गणपतीच्या मखरासारखं उजळलं, तर विकणाऱ्याकडे बघा, तो दिव्याकडे बघत नसेल. लेबलचा तपकिरीपणा कडांपासून मधापर्यंत सगळीकडे सारखा असेल, तर कागद चहाच्या पाण्यात बुडवलेला असण्याची शक्यता. खरं म्हातारपण असं एकसारखं येत नाही.

दिव्यानेही कळलं नाही तर प्रयोगशाळा. १९५०-६०च्या दशकांत महासत्तांनी उघड्यावर अणुचाचण्या केल्या आणि हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला. त्या हवेत वाढलेल्या सातूने तो घेतला, सातूपासून झालेल्या व्हिस्कीतही तो उतरला. त्यामुळे १९५०च्या आधीची व्हिस्की आणि नंतरची व्हिस्की प्रयोगशाळेत वेगळी ओळखता येते. २०१७ साली स्वित्झर्लंडच्या सेंट मॉरिट्झमधल्या एका हॉटेलात एका चिनी लेखकाने '१८७८ची मॅकॅलन' एक पेग, जवळपास दहा हजार स्विस फ्रँक देऊन प्यायली. चाचणीत निघालं की ती १९७०-७२च्या सुमाराची साधी मिश्रित व्हिस्की होती. हॉटेलने पैसे परत केले. २०१८ साली स्कॉटलंडमधल्या एका संशोधन केंद्राने ५५ दुर्मीळ बाटल्या तपासल्या. २१ बनावट निघाल्या किंवा लेबलवरच्या सालाच्या नव्हत्या.

उलटंही होतं, म्हणून नाक वर करू नका. जॉर्जिया राज्यातल्या लाग्रेंजच्या एका किराणा दुकानाने भरलेली 'ओल्ड इंगलड्यू' नावाची बाटली २०२१ साली लिलावात आली. मागच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : बहुधा १८६५ पूर्वीची. बुचातून सुई घालून नमुना काढला, तपासला, तर व्हिस्की बहुधा १७६३ ते १८०३च्या दरम्यानची निघाली. लेबलने वय कमी सांगितलं होतं, हे व्हिस्कीच्या इतिहासात क्वचितच घडतं. बाटली १,३७,५०० डॉलरला गेली.

सोडवलेलं उदाहरण

प्रश्न : अमेरिकन बर्बन व्हिस्कीच्या बाटलीवर लाल पट्टी आहे. माप 'फोर-फिफ्थ क्वार्ट'. पत्ता लुइव्हिल, केंटकी, पाच आकडी पोस्ट नंबरासह. काचेत मनाईचं वाक्य नाही. बारकोड नाही, इशारा नाही. तळाशी '६८'. लेबलवर वय सहा वर्षं. बाटलीचं वय काढा.

रीत : लाल पट्टी, म्हणून १९३३ ते १९८५. जुनं माप, म्हणून १९८० आधी. पोस्ट नंबर, म्हणून १९६३ नंतर. मनाईचं वाक्य नाही, म्हणून १९६४ नंतर. आता चौकट उरली १९६४ ते १९७९. तळाचा ६८ सांगतो की काच १९६८ची. रिकाम्या बाटल्या कोणी वर्षानुवर्षं साठवत नाही.

उत्तर : बाटली भरली १९६८च्या सुमारास, व्हिस्की गाळली १९६२च्या सुमारास, आणि व्हिस्कीचं वय ६ वर्षं. शेवटचा भाग न लिहिणाऱ्यास अर्धे गुण.

स्वाध्याय

१. गाळलेल्या जागा भरा : विकणाऱ्याच्या आजोबांनी ही बाटली ______ साली घेतली, बारकोड मात्र ______ साली आला.

२. जोड्या लावा : हिरवी पट्टी, लाल पट्टी, कंपनीची पट्टी, चहाचा डाग – आनंद, शंका, दागिना, दुसरं दुकान.

३. चूक की बरोबर ते सांगा : 'ओल्ड' लिहिलेली प्रत्येक बाटली ओल्ड असते.

४. कारणे द्या : पट्टी फाडल्याशिवाय चव कळत नाही आणि पट्टी फाडल्यावर भाव राहत नाही.

५. एका वाक्यात उत्तर लिहा : तुमच्या बाटलीचं वय किती?

पाचव्या प्रश्नासाठी सूचना. 'साधारण १९६४ ते १९७९च्या दरम्यान' अशा प्रकारच्या उत्तराला पूर्ण गुण. उत्तर कोरं सोडणाऱ्याला अर्धे, कारण त्याने निदान कोणाला फसवलं नाही. 'शंभर वर्षांची तरी असेल' असं लिहिणाऱ्याला शून्य. त्याने धडा पहिला पुन्हा वाचावा. बाटली परीक्षेआधीच संपवून आलेल्यांनी रिकामी बाटली सोबत आणावी. तळ तपासता येईल.